मापाचा ब्लाउज

२२ फेब्रुवारी, रविवार. दुकान बंद आहे, म्हणून सकाळपासून ताईंच्या ब्लाउजांच्या बाह्या कापत बसले आहे. मनगटापर्यंत बाही असलेला ब्लाउज नागपुरात फुकटसुद्धा कोणी घेत नाही. वृद्धाश्रमाच्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "उन्हाळा तोंडावर आहे. अर्ध्या बाहीचे असतील तर द्या, नाहीतर राहू द्या." तेव्हा कोपराच्या वर खडूची खूण करायची, कापायचं, दुमडायचं, टीप मारायची आणि पुढचा घ्यायचा. कापड चांगलं आहे, सगळा रुबिया, आणि शिलाई माझ्याच हातची आहे. ताईंची वरची खोली पुढच्या महिन्यापासून भाड्यानं द्यायची आहे, त्याआधी कपाट रिकामं झालं पाहिजे.

ताई म्हणजे माझी नणंद, कुसुमताई. माझ्या नवऱ्याची, विलासची, थोरली बहीण. संक्रांतीनंतर दोन-चार दिवसांनी गेल्या. काटोलच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, रोज मानेवाड्याहून बसनं ये-जा केली, आणि निवृत्तीनंतर आमच्या व्हरांड्यात शिकवण्या घेतल्या. त्यांचे विद्यार्थी तेराव्या दिवसाला आले, तोंडभर कौतुक करून गेले. बाई शिस्तीच्या होत्या, म्हणाले. होत्याच. पण पेपरातल्या अशा लेखात माणूस गेल्यावर त्याच्या कडवटपणाला जी साखर लावतात ती मला लावता येणार नाही. लावली तर ताईच वरून लाल पेन्सिलीनं खोडतील. त्यांच्या अंगावर कोड होतं आणि ते त्यांनी पन्नासेक वर्षं झाकलं. माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या, हातावरही आहे. येत्या रविवारी वर्ध्याचे पाहुणे तिला बघायला यायचे आहेत, आणि हे सांगायचं की झाकायचं, यावरून आठवडाभर घरात धुसफूस चालू आहे. हे सगळं पल्लवीला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पेपर वाचतंच कोण?"

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ताईंनी माझं शिवणकाम आधी पाहिलं, मला नंतर. रुखवतात मी स्वतः शिवलेला एक ब्लाउज होता. त्यांनी तो उचलला, उलटा केला, आतली शिलाई नखानं खरवडून पाहिली आणि म्हणाल्या, "बाहेरून बरा आहे. माणूस आणि ब्लाउज उलटा करूनच बघावा." मग विलासकडे वळून, "शिक्षिका आण म्हटलं होतं, तू शिलाई मशीन आणलीस." जमलेल्या बायका हसल्या. मीही हसले, कारण नव्या नवरीला दुसरं काय करता येतं… पण पुढच्याच महिन्यात ताईंनी आपले सगळे ब्लाउज मला शिवायला दिले. शिलाईचे पैसे बाहेर कशाला घालवायचे, हा हिशेब. मी टेप घेऊन उभी राहिले तर त्यांनी तो टेप माझ्या हातातून काढून घेतला, गुंडाळी केली, टेबलावर ठेवला आणि एक जुना ब्लाउज पुढे केला. "यावरून घे."

मापाचा ब्लाउज ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. अंगावर नीट बसलेला एक जुना ब्लाउज बाई घेऊन येते, त्यावरून नवा बेततात. बाईचा वेळ वाचतो, शिवणारीचा वाचतो, आणि टेपनं छाती मोजून घ्यायचा संकोचही वाचतो. ताईंचा हा ब्लाउज फिकट बदामी रंगाचा होता. गळा बंद, बाही मनगटापर्यंत आणि मनगटाशी दोन हूक, इतके घट्ट की वर सरकवायची सोय नाही. मे महिन्यात, जेव्हा आम्ही बायका घरात गाउन घालून कूलरसमोर बसतो, तेव्हा ताई असा ब्लाउज घालून काटोलच्या बसमध्ये उभ्यानं जात. त्या बदामी ब्लाउजवरून मी किती शिवले याची गणती नाही. त्यांच्या अंगाला माझा टेप एकदाही लागला नाही.

कोडाचं मला सासूबाईंनी सांगितलं, लग्नानंतर वर्षभरानं, भाजी निवडता निवडता. त्यांची भाषा शेवटपर्यंत वऱ्हाडीच राहिली. ताई आम्हाला 'मले-तुले' म्हटलं की तिथेच दुरुस्त करत, आईला मात्र कधी बोलल्या नाहीत. सासरे तेव्हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, आणि कॉलनीतच ताईंचं लग्न मांडलं होतं. मुलाकडच्यांना कोडाचं सांगितलं नव्हतं. तेव्हा ते फक्त दंडावर आणि पाठीवर होतं. सासूबाईंनी कात आणि मेंदी उकळून त्याचा रंग महिनाभर त्या डागांवर बसवला होता. बघण्याच्या दिवशी निभलं, साखरपुड्यात निभलं. हळदीच्या दिवशी मुलाकडच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. तोंडाला, हाताला, पायाला लावून थांबायचं ते त्यातल्या एका मावशीला चेव आला आणि तिनं बाही वर सारून दंडाला हळद चोळली. चोळता चोळता तिचा हात थांबला. "तिनं बोट पाहिलं आपलं," सासूबाई म्हणाल्या, "अन् मोठ्यानं म्हणे, अवं, हिचा तं रंग निघून राहिला."

मग सगळ्यांनीच चोळलं. हसत हसत, ओल्या फडक्यानं, पाठ उघडी करून. लग्नघरच्या वीस-पंचवीस बायका भोवती, आणि मध्ये पाटावर बसलेली मुलगी. सासूबाई तेव्हा कुठे होत्या, असं मी विचारलं. "तिथंच होती," त्या म्हणाल्या आणि मेथीची काडी मोडत राहिल्या. संध्याकाळपर्यंत मुलाकडचे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मांडववाला मांडव सोडायला आला. ताईंनी अंगावरची हळद धुतली, पूर्ण बाहीचा ब्लाउज मागितला, आणि पुढच्या सोमवारपासून बी.एड.च्या वर्गाला जाऊ लागल्या. आईशी त्यानंतर त्या कामापुरतंच बोलल्या. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी आईची वेळच्या वेळी औषधं केली, पाठ पुसली, पण मरणाऱ्या बाईनं "कुसुम, माफ कर वं" म्हटलं तेव्हा "तोंड उघडा, गोळी घ्यायची आहे," एवढंच म्हणाल्या. मी तिथे चादर बदलत होते.

शिकवायच्या मात्र उत्तम. यात खोटं नाही. एक शब्द घेऊन त्याचे सगळे अर्थ मुलांकडून वसूल केल्याशिवाय सोडत नसत. व्हरांड्यात शिकवणी चालू असली की माझं मशीन आत चालू असायचं, त्यामुळे माझंही पुष्कळ इंग्रजी फुकटात झालं. 'हाइड' हा त्यांचा आवडता शब्द होता. दर वर्षी नव्या मुलांना तो यायचाच. कोणीतरी म्हणायचं, लपणे. "एक झाला. पुढे?" मग ताई छडी टेबलावर आपटून सांगत, "कातडं. जनावराचं. आणि गृहपाठ केला नाही तर तुझं. सोलून काढीन, मग दुसरा अर्थ विसरणार नाहीस." मुलं हसत, कारण छडी अजून पडायची असे. पडली की हसू थांबे. एक पोरगी एकदा म्हणाली, "बाई, रानात वाघ पाहाले लपण बांधतात, त्यालेही हाइड म्हणतात. माझे बाबा जंगल खात्यात आहेत." ताईंनी तिला शाबासकी दिली आणि 'पाहाले'साठी एक छडीही दिली.

पल्लवी पाचवीत असताना त्याच व्हरांड्यात बसायची. एका संध्याकाळी शुद्धलेखन सांगता सांगता ताई मध्येच थांबल्या. मी आत पाय मशीनवरून काढला, कारण त्या वाक्य अर्धवट सोडत नसत. त्यांनी बाकीच्या मुलांना घरी पाठवलं, पल्लवीचं मनगट धरून तिला आत आणलं आणि दिव्याखाली धरलं. पेन्सिल धरतो त्या हाताच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, तांदळाएवढा पांढरा ठिपका. मी रोज आंघोळ घालणारी, मला दिसला नव्हता. ताईंनी स्वतःचा रुमाल काढून पट्टीसारखा तिच्या मनगटाला बांधला, दोन गाठी मारल्या. "हाइड," त्या म्हणाल्या. "क्रियापद. आजपासून." पोर दहा वर्षांची. तिला वाटलं, शब्दार्थ विचारताहेत. तिनं लगेच म्हटलं, "लपवणे." ताई म्हणाल्या, "बरोबर."

आम्ही डॉक्टर केले. धंतोलीत केले, आयुर्वेदिक केलं, कोणी सांगितलं म्हणून आंबट बंद केलं. डाग हळूहळू वाढत गेला. ताईंनी पल्लवीला सगळं शिकवलं… रुंद पट्ट्याचं घड्याळ, वर्गातला कोणता बाक घ्यायचा, फोटोत हात कुठे ठेवायचा, कोणी विचारलं तर भाजलं म्हणून सांगायचं आणि विषय बदलायचा. मी विरोध करायची. त्या म्हणायच्या, "तू बाहेरून बघतेस सुनंदा. तुला आतली शिलाई माहीत नाही." आणि पल्लवीच्या शाळेच्या सदऱ्यांना मीच पूर्ण बाह्या लावत होते, कारण ती रडून मागत होती.

ताईंना खुशीत पाहिल्याची मला एकच आठवण आहे. निवृत्तीनंतर त्यांना पक्षी बघायचा नाद लागला होता. काटोल रोडच्या पुढे एका तलावाकाठी कोणी बांबू-तट्ट्यांचं लपण बांधलं होतं, त्यात बसून फटीतून बघायचं. एकदा सोबत कोणी नव्हतं म्हणून मला नेलं, डबा धरायला. आत अंधार, बसायला फळी, भिंतीत डोळ्याच्या उंचीवर लांबट फटी. दोन तास बोलायचं नाही. मला बदकं दिसली, ताईंना त्यांची नावं दिसली. आत इतकं उकडत होतं की थोड्या वेळानं ताईंनी मनगटाचे हूक काढले आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या. फटीतून येणारं ऊन त्यांच्या हातांवर पट्ट्या-पट्ट्यांनी पडलं होतं. हात पूर्ण पांढरे झाले होते, मधे मधे जुन्या रंगाची बेटं राहिली होती. मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी दुर्बीण डोळ्याला तशीच ठेवून म्हटलं, "बघून झालं? आता पक्षी बघ." मग स्वतःशीच हसल्या. "याला म्हणतात बसायची जागा. आपण सगळ्यांना बघतो, आपल्याला कोणी नाही." निघताना हूक लावून घेतले आणि बसमध्ये मला तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून बोलल्या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी पल्लवीनं त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. दीड वर्षापूर्वी अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, आई बोलकी. पल्लवी तोवर बँकेत लागली होती, आणि डाग कोपरापर्यंत आला होता. सांगायचं की नाही यावर आमचा घोळ चालूच होता, विलासचं नेहमीचं, "आधी पसंत तर करू दे, मग सांगू." पल्लवीनं पूर्ण बाहीचा कुर्ता घातला. पोहे झाले, चहा आला, मुलाची आई पल्लवीच्या केसांचं कौतुक करत होती. ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या, पल्लवीजवळ गेल्या, तिचा हात धरला आणि बाही एका झटक्यात कोपराच्या वर सारली. मनगटाचं बटण तुटून फरशीवर घरंगळत गेलं. "हे बघून घ्या," ताई वर्गात सांगत तशा आवाजात म्हणाल्या. "हळदीच्या दिवशी सापडलं म्हणू नका."

पाहुण्यांनी चहा पूर्ण केला. एवढे चांगले होते ते. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली, "कळवतो" म्हणाली आणि कळवलं नाही. पल्लवी मधल्या खोलीत हात तसाच धरून उभी होती, आपला नसल्यासारखा. ताई आत आल्यावर ती म्हणाली, "आत्या, तुम्ही मेल्यात तरी मी येणार नाही."

"नको येऊस," ताई म्हणाल्या. "खांदेकरी चारच लागतात."

पुष्कळांनी मला नंतर समजावलं की यात त्यांची मायाच होती, स्वतःवर जे आलं ते पोरीवर येऊ नये म्हणून केलं. असेलही. पण त्यांनी पोरीला विचारलं नव्हतं, आणि त्या मावशीनंही ताईंना विचारलं नव्हतं. बाही वर सारणारा हात दोन्ही वेळा सारखाच होता. त्याला माया म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं.

गेल्या वर्षभरात ताईंच्या खोलीतून कापराचा वास यायचा. आम्हाला वाटलं, म्हातारपणी देवाधर्माला लागल्या. विलासनं तर मस्करीही केली, "ताई, देवळात नाव घातलं का गा?" पुरुषाला म्हणायचा 'गा' मुद्दाम त्यांना लावून. त्यांनी दार लावून घेतलं. दिवाळीत दोन नवे ब्लाउज शिवायला दिले, नेहमीसारखा बदामी ब्लाउज वर ठेवून. मी नेहमीसारखे शिवले. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मला नजरेनं छाती-कंबर सांगता येते, आणि ताई रोज समोर असून मला काही दिसलं नाही. दिसणार कसं, त्या जशा होत्या तशाच दिसत होत्या. डिसेंबरच्या शेवटी न्हाणीघरात पडल्या. धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सनं ब्लाउज काढायला कात्री लावली, तर खाली आणखी एक ब्लाउज. तो कापला तर खाली तिसरा. सगळे माझ्या हातचे, एकावर एक, म्हणजे रोडावलेल्या अंगावर वरचा सैल पडू नये. नर्स माझ्याकडे बघून म्हणाली, "अवं बाई, किती घातले हिनं? थंडी वाजून राहिली होती का?" तिसऱ्याच्या खाली हळद-कापराचं फडकं होतं, आणि ते उचलल्यावर नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली.

छातीतली गाठ फुटून जखम झाली होती. डॉक्टर तरुण होते, चिडले. "वर्षाच्या वर झालंय हे. आजी, आधी का नाही दाखवलं?" ताई म्हणाल्या, "दाखवायचं म्हणजे ब्लाउज काढावा लागतो." डॉक्टरांना वाटलं, वेदनेत काहीतरी बोलताहेत. मला तो सरळ हिशेब कळला. त्यांनी दोन गोष्टी समोर ठेवून पाहिल्या होत्या, आणि मरण त्यातल्या त्यात बरं वाटलं होतं.

दवाखान्याचा गाउन मागून उघडा आणि बिनबाह्यांचा असतो. ताईंनी त्या अवस्थेत मला पहिलं काम हे सांगितलं, की याला बाह्या लाव. मी घरी जाऊन जुन्या चादरीच्या बाह्या कापल्या आणि दोन गाउनांना लावून आणल्या. सकाळच्या पाळीची नर्स हसली, "काय आजी, बाह्या-बिह्या लावून, लग्नाले चालल्या का?" ताई डोळे न उघडता म्हणाल्या, "हो. तुझ्याच. अजून जमलं नाही वाटतं." नर्सचं तोंड उतरलं. मला वाटलं, चला, ताई ठीक आहेत.

पल्लवी येणार नव्हती, पण आली. बँकेतून परस्पर आली, आणि बिनबाह्यांचा कुर्ता घालून आली. पाचवीपासून तसा कपडा तिनं घातलेला मी पाहिला नव्हता, तो तिनं विकत आणला होता, माझ्याकडे शिवायला न देता. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. ताईंनी डोळे उघडले.

"बाही कुठाय?"

"नाही लावली."

"कोणाला दाखवायला आलीस?"

"तुम्हाला."

ताईंनी तिच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. वही तपासताना पाहत तशा, वरून खालपर्यंत. मी उगाच मोसंबी सोलत होते. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील… निदान बस म्हणतील. "वाढलंय," ताई म्हणाल्या. "दंडावर गेलं. तिथून पुढे पाठीवर जातं. थांबत नाही ते." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पल्लवी खाली आली, दवाखान्यासमोरच्या टपरीवर उभी राहून चहा प्यायली आणि मला म्हणाली, "ओढणी आहे का गं तुझ्याजवळ? ऊन लागतंय." सहा वाजून गेले होते. मी ओढणी दिली.

चार दिवसांनी ताई गेल्या. घरी आणल्यावर आंघोळ घालायला आम्ही बायकाच होतो. चुलत सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर झाकलं तिनं, आता काहून उघडं पाडता? पुऱ्या बाहीचाच घाला." ते बरोबरच होतं. कपाटातला सगळ्यात चांगला काढला. ताठलेल्या हातांत ब्लाउज चढत नाही, तो मागून उभा चिरावा लागतो आणि पुढून घालून कडा अंगाखाली दाबाव्या लागतात. चिरला. कडा दाबल्या तर एकमेकींवर वीतभर चढल्या. इतक्या थोड्या त्या आत उरल्या होत्या. हूक मात्र दोन्ही मनगटांचे लावले. पल्लवी दारात उभी होती, आत आली नाही. पण आली होती.

आज दुपारपर्यंत सगळे ब्लाउज संपले. तीन-चारांच्या आत काखेजवळ हातशिलाईच्या चिमट्या सापडल्या, आधी आत घेऊन पाहिलं असावं, मग एकावर एक घालण्याची युक्ती सुचली असावी. हातशिलाई वाईट होती. शेवटी तो बदामी ब्लाउज उरला. तो बाजूला ठेवला, कारण मापाचा ब्लाउज देऊन टाकायची हाताला सवय नाही. संध्याकाळी पल्लवी खाली आली, हातात निळं रेशमी कापड. "आई, रविवारसाठी ब्लाउज शिवशील?" मी म्हटलं, शिवते की. तिनं कापड मशीनवर ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं, तो बदामी ब्लाउज उचलला आणि कापडाच्या वर ठेवला. "बाही अशी कर. मनगटापर्यंत." मी तिच्याकडे पाहिलं. विलास आतून ऐकत होता, त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला होता. ती म्हणाली, "काही बोलू नकोस." मी कापडाची घडी उलगडली.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिला उजेडात खिडकीशी उभं केलं आणि टेप काढला. "हा आहे ना मापाला," ती म्हणाली. मी म्हटलं, "ते ताईंचं माप आहे." खांदा घेतला, छाती, मुंढा, दंड. टेप डागावरून गेला तेव्हा तिनं हात ओढला, मग पुन्हा दिला. "मनगटापर्यंतच ना?" मी विचारलं. "हो," ती म्हणाली. गिऱ्हाईक म्हणेल तसं शिवायचं असतं. बेतला, कापला, पूर्ण बाह्या लावल्या. पण मनगटाशी हूक न लावता सैल कफ काढला, त्याला बटण, आणि आतून दंडाजवळ एक छोटी पट्टी, तिलाही बटण, म्हणजे बाही दुमडून वर अडकवता येते आणि कोणाला सारावी लागत नाही. वर्ध्याच्या लोकांसमोर ती अडकवायची की नाही ते तिचं ती बघेल. काज करण्याआधी ते एकदा चिंधीवर करून पाहावं लागतं, पहिलं नेहमी वाकडं येतं. चिंधी म्हणून मी तो बदामी ब्लाउज घेतला. मनगटाजवळ कापड दुहेरी होतं, हुकांच्या जागा गंजून पिवळ्या पडल्या होत्या. तिथेच खूण केली आणि कात्रीचं टोक घातलं.